कप्तानाच्या पाठीखाली

"पाठीला कळलं तर ती गादी नव्हे."

हे वाक्य कापूसआत्या दिवसातून चार वेळा तरी म्हणायची. गिऱ्हाइकाला म्हणायची, सुनेला म्हणायची, आणि ऐकायला कोणीच नसलं तर पुढ्यातल्या कापसाच्या ढिगाला म्हणायची. गादीच्या पोटात किती थर आहेत, कुठे जोड आहे, कुठे गाठ आहे, हे झोपणाऱ्याच्या पाठीला कळता कामा नये, असा तिचा दंडक होता. ज्या दिवशी एखादी पाठ तक्रार करेल, त्या दिवशी पिंजण खुंटीला टांगायची ती कायमचीच, असं ती छातीठोक सांगायची.

तिचं खरं नाव सुनेलाही लग्नाच्या कागदावरच काय ते दिसलं होतं. गाव तिला कापूसआत्या म्हणायचं. केसांत कापूस, भुवयांत कापूस, कानाच्या पाळीवर कापूस. केस वयाने पिकलेत की धंद्याने, हे कुणालाच सांगता यायचं नाही, आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती. नवरा गेला तेव्हा मागे दोनच गोष्टी राहिल्या, एक सहा वर्षांचा मुलगा आणि एक पिंजण. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य. त्याची तात ठोकळ्याने छेडली की धुंग-धुंग असा आवाज होतो आणि दबलेला, हट्टी कापूस मोकळा होऊन हवेत उडतो. "बाईमाणसाने पिंजण धरू नये," असं तेव्हा शेजारचा लोहार म्हणाला होता. "मग बाईमाणसाने गादीवर झोपू पण नये का रे?" असं तिने विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत धुंग-धुंग सुरू झालं. ते पुढे वीस वर्षं थांबलं नाही.

तिची आणखी एक रीत होती. नवी गादी दिली की आठव्या दिवशी ती त्या घरी हजर. कोणी बोलावलेलं नसायचं. खांद्यावर पिंजण, हातात दाभण, पाठीला थोडा नवा कापूस. अंगाच्या वजनाने नवा कापूस आठ दिवसांत बसतो, मग गादी उसवायची, पुन्हा पिंजायची, पुन्हा भरायची. "नको हो आत्या, छान आहे गादी," असं लोक म्हणायचे. "तुम्हाला छान आहे, मला नाही," म्हणून ती उंबरा ओलांडायचीच. एकदा एका घरी त्याच सकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं. ती दोघांच्या मधून गेली, गादी उचलून अंगणात आणली आणि म्हणाली, "चालू द्या तुमचं." भांडण तिथेच मिटलं. आत्याची आठवी चुकली असं कधी झालंच नाही.

मग ते दिवस आले. राजधानीत एक माणूस खुर्चीवर बसला तो उठेचना. त्याने शेजारच्या देशाशी लढाई काढली, आपल्याच लोकांशीही काढली, आणि प्रत्येक दुकानात आपला फोटो लावायचा हुकूम काढला. फोटोवर धूळ दिसली तर तीन दिवस कोठडी. न्हाव्याचं ठीक होतं, त्याच्याकडे फडकी होती. पण कापूसआत्याच्या दुकानात फोटो टांगल्यावर तासाभरात त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या. एकदा तपासनीस आला आणि डोळे वटारून म्हणाला, "या मिशांना काय झालं?"

"काय होणार साहेब," आत्या हात न थांबवता म्हणाली, "साऱ्या देशाची चिंता एकट्याला. पिकल्या."

तपासनिसाला हसावं की चिडावं कळेना. तो कापूस पुसून गेला.

आत्याचा मुलगा रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचं लग्न होऊन सातवा महिना लागला आणि एका सकाळी तो नदीपलीकडच्या डोंगरात गेला. तिथे त्याच्यासारखे पुष्कळ जमले होते. आत्याने गल्लीत सांगितलं, "लांब कामाला गेलाय." ते खोटं नव्हतं. सुनेने चार दिवस उशीत तोंड खुपसून रडून घेतलं. पाचव्या दिवशी सासूने तिच्या हातात दाभण ठेवली. म्हणाली, "रडून उशी बसली बघ. घे, उसव आणि भर." त्या दिवसापासून सून धंद्याला लागली.

धंद्याबरोबर आणखी एक काम होतं, ते तिला हळूहळू कळलं. नदीकाठच्या छावणीतून गाद्यांची मागणी यायची. आत्या म्हणायची, "गाद्या आधी येतात, शिपाई मागून." दीडशे गाद्या सांगितल्या तर दीडशे शिपाई येणार, पातळ गाद्या सांगितल्या तर मुक्काम थोडा, जाड सांगितल्या तर हिवाळा इथेच. ही बातमी पलीकडच्या काठावरची दाई घेऊन जायची. दाईला पूल ओलांडायचा परवाना होता, कारण मुलं जन्माला यायला हुकूम विचारत नाहीत. ती कापूस न्यायला दुकानात यायची, आत्याशी दोन शब्द बोलायची आणि जायची. गल्लीला वाटायचं, दोघी बाळंतिणींबद्दल बोलतायत.

त्या पावसाळ्यानंतर दाईने येऊन सांगितलं की डोंगरातलं बिनतारी यंत्र पाण्यात पडून मेलं. आता त्यांना बाहेरच्या जगाशी बोलायला तोंड नाही आणि ऐकायला कान नाही. मदतीची विमानं येतील ती कुठे यावीत, हे सांगणार कसं? दुसरं यंत्र शहरातून आत्याच्या घरापर्यंत आलं होतं. जाडजूड शब्दकोशाएवढं, आणि उचलायला त्याहून बरंच जड. ते पुलापलीकडे दाईच्या घरी पोचवायचं. तिथून पुढे आत्याचा मुलगा ते नेणार होता.

"बाळंतिणीच्या खोलीसाठी गादी," आत्या म्हणाली. "यंत्र गादीत."

"दोन थर पुरेत," सून म्हणाली. "पूल ओलांडण्यापुरतं तर आहे."

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू सुनेने दुधात मीठ घातलं. "दोन थर? माझ्या नावाची गादी आणि दोन थर?"

तीन दिवस ती गादी चालली होती. आधी यंत्राला कापसाचे थर गुंडाळून ते उशीसारखं शिवलं. मग गादीत त्याची जागा ठरवली. "माणूस उताणा झोपला की गुडघ्यांच्या मागे वजन पडत नाही. तिथे." सुनेला दहा वेळा उताणं झोपवलं, दहा वेळा उठवलं, तीन वेळा सगळं उसवलं. शेवटी सुनेची पाठ म्हणाली, काही नाही. सून म्हणाली, काही नाही. मग आत्या स्वतः आडवी झाली, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "हं."

सुनेने लग्नापासून ऐकलेली ती सर्वांत मोठी शाबासकी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी हातगाडी ढकलत पुलावर आल्या. पुलावर नवा कप्तान होता. चांगला आडवातिडवा गडी, पण डोळ्यांखाली काळं. युद्धाने त्याची झोप नेली होती असं त्याचे शिपाई सांगायचे. त्याने गादी रस्त्यावर पसरायला लावली आणि एका शिपायाला म्हणाला, "फाड."

शिपायाने बंदुकीचं पातं काढलं. तेवढ्यात आत्या पुढे झाली, आणि तिच्या आवाजात भीती नव्हती, चक्क राग होता.

"थांब रे! साहेब, फाडून काय दिसणार? कापूस. आत काही असलं तर ते पात्याला नाही कळत, पाठीला कळतं. पडून बघा एकदा. कुठे टोचलं तर खुशाल फाडा, आणि मलाही फाडा."

शिपाई हसायला लागले. कप्तानही हसला. थकलेला माणूस, दुपारची वेळ, आणि समोर पसरलेली पांढरीशुभ्र गादी. तो खरंच आडवा झाला, बुटांसकट. सून मनात मोजायला लागली आणि कितीवर आलो तेच विसरली. कप्तान हलला नाही. मग घोरल्याचा एक आवाज आला आणि तो दचकून उठला.

"ही कुणाची?"

"पलीकडच्या दाईची, साहेब. बाळंतिणींसाठी."

"बाळंतिणींना गवतही चालतं. टाका रे गाडीत. माझ्या बंगल्यावर."

आणि गादी गेली. कप्तानाच्या मोटारीतून पूल ओलांडून, त्याच्याच शयनगृहात.

घरी येऊन दार लावल्यावर सुनेने हातगाडीचा दोर भिरकावला. "तरी सांगत होते, दोन थर पुरेत! इतकी चांगली कशाला करायची म्हणते मी? वाईट झाली असती तर आत्ता दाईच्या घरी असती!"

"वाईट झाली असती तर आत्ता आपण दोघी गोळ्या खायला भिंतीपुढे उभ्या असतो."

"आणि आता? तो त्याच्यावर झोपणार, आई. रोज. कुशीवर वळला तर?"

"जाडा आहे. जाडी माणसं उताणी झोपतात."

"तुम्ही किती जाड्या माणसांबरोबर झोपलात?"

हे बोलून सुनेने जीभ चावली. आत्या इतकी हसली की केसांतला कापूस जमिनीवर पडला. "एकाच," ती म्हणाली. "पण त्याच्यावरून साऱ्या जातीची परीक्षा झाली."

हसणं संपलं, आणि मग घरात तेच एक उरलं. पुलापलीकडे, एका माणसाच्या गुडघ्यांमागे, त्या दोघींचा आणि दाईचा जीव पडला होता. डोंगरातल्यांचा आवाजही तिथेच पडला होता.

"उद्याच जाऊया," सून म्हणाली. "काहीतरी कारण काढू."

"उद्या नाही. आठव्या दिवशी."

"तोवर तो—"

"बाई गं, मी वीस वर्षं आठव्या दिवशी जाते. कप्तानाचा स्वयंपाकी आपल्या खालच्या गल्लीतला आहे, त्याच्या घरच्या चारी गाद्या माझ्या. मी तिसऱ्या दिवशी गेले तर तोच पहिला म्हणेल, आत्या आज कशी? आणि आठव्या दिवशी गेले नाही तरीही तोच म्हणेल."

सुनेला ते पटलं, पण पटलं म्हणून झोप येत नाही. त्या आठवड्यात ती मोटारीच्या आवाजाला दचकली, टपालवाल्याला दचकली, दारावरच्या मांजरीला दचकली. आत्या मात्र आपली धुंग-धुंग करत होती. फक्त एकच फरक सुनेला दिसला. फोटोच्या मिशांवरचा कापूस ती आता दिवसातून पाच वेळा पुसायची.

आठव्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. सुनेच्या डोक्यावर नव्या कापसाचं पोतं, आत्याच्या खांद्यावर पिंजण. पुलावर शिपायाने कप्तानाचं नाव ऐकून वाट दिली, पण पोत्यात गज खुपसून पाहिला. आत कापसाशिवाय होतं काय? बंगल्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं.

"कोणी बोलावलं?"

"कोणी बोलावत नसतं," आत्या म्हणाली. "आठवा दिवस आहे."

स्वयंपाकी आतून हात पुसत आला. "अरे सोड तिला! ही नाही ऐकायची. माझ्या सासऱ्याच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी घरात शिरून गादी उसवली हिने."

कप्तान ओसरीवर आला. त्याच्या डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. "म्हातारे, चमत्कार केलास. चार वर्षांनी झोपतोय मी." मग त्याने कपाळाला आठी घातली. "फक्त कालपासून गुडघ्यांखाली जरा कडक लागतंय."

सुनेने सासूकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की सासू घाबरलेली नाही. सासूचा अपमान झालाय. तिचा चेहरा खर्रकन उतरला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा एक पाठ बोलली होती, आणि ती असली!

"कालपासून ना?" आत्या कशीबशी म्हणाली. "सातव्या दिवशी. मग! त्यासाठीच तर आठवी असते, साहेब. कापूस बसला, गुठळी धरली. आणा गादी बाहेर. उघड्यावर, वाऱ्यात."

गादी अंगणात आली. आत्याने वाऱ्याकडे पाहिलं, मग झाडाखालची खुर्ची स्वतः उचलून बरोबर वाऱ्याच्या तोंडी ठेवली. "आपण इथे बसा साहेब. सावली आहे. काम डोळ्यांसमोर होऊ दे."

कप्तान खूश होऊन बसला. आत्याने शिवण उसवली, पिंजण उभी केली आणि तात छेडली. धुंग! वीस वर्षांत तिने अशी पिंजली नसेल. कापूस उठला तो झाडाच्या शेंड्यापर्यंत. अंगण पांढरं झालं, ओसरी दिसेनाशी झाली. कप्तानाच्या नाकात, मिशांत, कॉलरमध्ये कापूस गेला. त्याने पहिली शिंक दिली, मग दुसरी, मग एकावर एक अशा शिंका की झाडावरची पाखरं उडाली. ती शिंक सून पुढे म्हातारपणी नातवंडांना करून दाखवायची, आणि नातवंडं पुन्हापुन्हा मागायची. "आजी, कप्तान!" की आजी शिंकायची.

"बस्स! बस्स!" म्हणत कप्तान घरात पळाला. पहारेकरी डोळे चोळत उभा राहिला. त्या पांढऱ्या धुक्यात सुनेने गादीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. ते शिवलेलं गाठोडं हाताला लागलं. बाहेर काढलं तेव्हा ते कापसाच्या एका गुठळीसारखंच दिसत होतं. रिकाम्या झालेल्या पोत्यात तिने ते ठेवलं आणि वरून, खालून, बाजूंनी गादीतला जुना, आखूड कापूस दाबून भरला.

धुकं विरलं तेव्हा आत्या शांतपणे नवा कापूस पसरत होती. पण काम अजून तासाभराचं होतं, आणि पहारेकरी कंटाळला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पोतं दिसलं, आणि तो सरळ त्याच्यावर जाऊन बसला.

सुनेची दाभण बोटात शिरली.

पहारेकरी जरा हलला. डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. मग पाय लांब केले. "बसायला बरं आहे हो, आत्या."

आत्याने वर पाहिलं. तिचा उतरलेला चेहरा हळूहळू परत चढला, आणि सकाळपासून रुसलेली तिची ऐट जागेवर आली. "बस की, बाबा," ती म्हणाली. "आरामात बस."

तासभर तो त्याच्यावर बसून आपल्या गावाबद्दल बोलला, आईबद्दल बोलला, थंडीबद्दल बोलला. गादी शिवून झाली. कप्तानाने नाकाला रुमाल लावून एकदा आडवं होऊन पाहिलं आणि मान डोलावली. "आता बरोबर. दोन उशा पण कर. परवापर्यंत."

"ही घरी जाऊन आजच भरायला घेते," आत्याने सुनेकडे बोट केलं. "मी जरा दाईकडे जाऊन येते. तिची गादी आपण घेतलीत साहेब, निदान हा जुना कापूस तरी देते. बाळंतिणीच्या पाठीमागच्या लोडाला होईल."

कप्तानाला त्यात लाज वाटण्यासारखं काही सापडलं असावं. त्याने हात हलवला. "दे, दे."

फाटकाशी आल्यावर पहारेकरी पुढे झाला. तासाभरात त्याला आत्या आपली वाटायला लागली होती. "आणा, डोक्यावर देतो चढवून."

कापसाचं पोतं किती हलकं असतं, हे कुणालाही ठाऊक असतं. त्याने नुसतं उचललं असतं तरी सगळं संपलं असतं.

"तू?" आत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कापसाचं पोतं उचलायला बंदूकवाला गडी लागायचा झाला तर मी म्हातारी झाले म्हणायचं. हो बाजूला."

तिने पिंजण सुनेच्या खांद्याला लावली. वाकली, पोत्याला हात घातला आणि एका झटक्यात ते डोक्यावर घेतलं. सुनेने तिची मान पाहिली. मानेची शीर ताणली होती, पण चेहऱ्यावर काही नव्हतं.

"सांभाळून जा, आई," सून म्हणाली.

"मी कुठे लांब चाललेय," आत्या म्हणाली. मग जराशी थांबून, पहारेकऱ्याला ऐकू जाईल अशी, "उशांना सहा थर दे. दोन नको. कळलं?"

"सहा," सून म्हणाली.

फाटकासमोरचा रस्ता चढाचा होता, वर दाईच्या घराकडे, आणि त्याही वर, डोंगराकडे. आत्या चालू लागली. एक हात पोत्याला, दुसरा मोकळा, सहज झुलता. पायांत घाई नव्हती. नवी नवरी पाण्याला निघावी तशी ती चालली होती, आणि केसांतले कापसाचे पुंजके वाऱ्यावर एकेक करून सुटत होते, मागे रस्त्यावर पडत होते.

"काय हलकी चालते म्हातारी," पहारेकरी बंदुकीवर हनुवटी टेकून म्हणाला.

पिंजण खांद्यावर घेऊन सून फाटकाशी उभी राहिली. त्या पोत्याचं खरं वजन त्या रस्त्यावर दोघींनाच ठाऊक होतं. वळणाशी पोतं एकदा दिसलं, पांढरं, सरळ, जराही न डुगडुगता, आणि मग चढापलीकडे गेलं.